रिटायर केलेल्या रोपचं पायपुसणं: पावसाळाभर वापरल्यानंतर

गिर्यारोहणाच्या वापरातून बाद केलेल्या जुन्या १० मिमी डायनॅमिक (भाराखाली ताणल्या जाणाऱ्या) रोपचं हे पायपुसणं अख्खा पावसाळा दारात होतं. नायलॉन कुजलं नाही, शिवण उसवली नाही, चिखल तर काथ्यापेक्षा सहज निघतो. तक्रारी दोन. रोपचा आतला गाभा आणि बाहेरचं विणलेलं आवरण दोन्ही पाणी धरतात, त्यामुळे जुलैत वाळायला दोन-दोन दिवस लागतात. जोडी करून आलटून पालटून वापरावीत. दुसरं, ओल्या फरशीवर ते सरकतं. खाली रबरी जाळी हवीच, घरात वयस्कर माणसं असतील तर नक्कीच.

शिवण्याआधी रोप कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. कातळाची कच निघते, आणि आटायचा तेवढा रोप आधीच आटतो. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात पायपुसणं आक्रसतं.

६० × ४० सेंमीच्या लंबगोलाला साधारण २१ मीटर लागतात, म्हणून २२ कापा. कापायच्या जागी टेप गुंडाळून गरम सुरीने कापायचं, खिडकी उघडी ठेवून. वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो. सुरुवातीला २० सेंमी सरळ, मग वळण. प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा सुमारे ६ सेंमी लांब भरायला हवा. इथेच बहुतेकांचं बिघडतं: रोप ताणून शिवला की फेरा तोकडा पडतो आणि कडा परातीसारख्या वर येतात. मांडीवर घेऊन शिवू नका, जमिनीवर सपाट ठेवून शिवा. चपला शिवायचा मेणाचा नायलॉन दोरा आणि वाकडी सुई घ्या. टाके सरळ भागात २ सेंमीवर, वळणावर १ सेंमीवर. सुई गाभ्याचे थोडे पीळ धरून जायला हवी. नुसत्या आवरणात टाका घातला तर आवरण गाभ्यावरून सरकतं आणि शिवण ढिली होते. ग्लू गन नको, पायाखाली वाकून वाकून गोंद सुटतो. शेवटच्या टोकातून ५ सेंमी गाभा कापून काढा आणि चपटं झालेलं आवरण खाली दुमडून शिवा.

कपडे वाळत घालायला डायनॅमिक रोप वाईट. ईएन ८९२ या डायनॅमिक रोपच्या युरोपीय मानकात सिंगल (एकेरी वापरायच्या) रोपला ८० किलो भाराखाली १० टक्क्यांपर्यंत लांबणं चालतं, म्हणजे ओल्या चादरींनी तो लोंबणारच. त्यासाठी जुना स्टॅटिक (फारसा न ताणणारा) रोप बरा. गाडी ओढायला मात्र कधीही वापरू नका, हूक तुटला तर ताणलेला रोप तो गोळीसारखा मागे फेकतो.

६० मीटरच्या रोपमधून दोन पायपुसणी होऊन १६ मीटर उरतात. त्याचे त्याच दिवशी २ मीटरचे तुकडे करा, दोन्ही टोकांना लाल टेप लावा आणि गाठींच्या सरावाला द्या. पायथ्याच्या गावात कुणी मागितला तरी लांब तुकडा देऊ नका. रंग अजून झकास दिसतो, आणि उद्या त्याच्यावर कुणी विहिरीत उतरेल.