जुन्या ऑफिस-पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड : जीटीएक्स १६५०, आरएक्स ६४०० की आरटीएक्स ३०५०?

कंपन्यांनी काढून टाकलेले डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० सारखे, चौथ्या पिढीचा कोअर आय-५ असलेले संगणक स्वस्तात मिळतात आणि त्यांत ग्राफिक्स कार्ड घालून गेम खेळावेत, असे अनेकांच्या मनात येते. येथे कार्डाच्या वेगाआधी विजेचा विचार करावा लागतो. या संगणकाच्या मिनी टॉवर कॅबिनेटमध्ये २९० वॅटचा पॉवर सप्लाय असतो, त्याला ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी पिन नसते, आणि मदरबोर्डची जोडणीही नेहमीची २४-पिन नसून डेलची स्वतःची ८-पिन असल्यामुळे बाजारातला पॉवर सप्लाय कन्व्हर्टर केबलशिवाय बसत नाही. त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून (मदरबोर्डवर कार्ड बसवण्याच्या खाचेतून) मिळणाऱ्या ७५ वॅटमध्ये भागणारे कार्डच निवडणे शहाणपणाचे ठरते.

आरएक्स ६४०० केवळ ५३ वॅट घेते, म्हणून ते प्रथमदर्शनी सर्वांत योग्य वाटते. मात्र खरी अडचण त्याच्याच बाबतीत आहे. हे कार्ड स्लॉटच्या १६ पैकी फक्त ४ लेन (डेटा वाहून नेणाऱ्या वाहिन्या) वापरते. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या नव्या मदरबोर्डवर त्याला सेकंदाला सुमारे ८ जीबीचा मार्ग मिळतो; ऑप्टिप्लेक्सच्या ३.० स्लॉटमध्ये तो निम्मा होतो आणि दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरबरोबरच्या २.० स्लॉटमध्ये जेमतेम २ जीबीवर येतो. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेमचा डेटा याच मार्गाने संगणकाच्या रॅममधून आणावा लागतो आणि चित्र अडखळू लागते. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (पडद्यावरचे चित्र व्हिडिओत साठवण्याजोगे करणारा भाग) नाही, त्यामुळे खेळ रेकॉर्ड करण्याचा भार आधीच दमलेल्या चार कोअरच्या प्रोसेसरवर पडतो. जुन्या यंत्रासाठी म्हणून विकले जाणारे हे कार्ड जुन्याच यंत्रात सर्वाधिक मार खाते, हे मला विचित्र वाटते.

२०१९ चे जीटीएक्स १६५० सर्व १६ लेन वापरते आणि त्यात एन्कोडरही आहे. मेमरी मात्र ४ जीबीच. काही उत्पादकांच्या आवृत्त्यांना ६-पिन जोडणी लागते, हे घेण्यापूर्वी पाहावे. त्याहून जुने जीटीएक्स १०५० टीआय आता टाळावे, कारण त्या पिढीसाठीचे नियमित गेम ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले.

बजेट परवडत असेल, तर माझी पसंती आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी आवृत्तीला आहे. ती ७० वॅटमध्ये चालते, ८ लेन वापरते आणि डीएलएसएस या एनव्हिडियाच्या एआय-तंत्रामुळे कमी रिझोल्यूशनवर काढलेले चित्र बरेच सुधारून दाखवते. नावाचा गोंधळ तेवढा सांभाळावा : त्याच नावाची ८ जीबी आवृत्ती १३० वॅटची असून तिला वेगळी पॉवर केबल लागते, तेव्हा दुकानदाराला नुसते ‘३०५०’ सांगून चालणार नाही.

इंटेलचे आर्क ए३८० येथे बादच समजावे. त्याला नीट वेग देण्यासाठी रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय लागते आणि या मदरबोर्डवर ती नाही. छोट्या एसएफएफ कॅबिनेटसाठी कोणतेही कार्ड लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचेच घ्यावे व सोबत आखूड ब्रॅकेट आहे ना, हे पाहावे. मॉनिटर जुना, केवळ व्हीजीए जोडणीचा असेल, तर अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडॉप्टरचा खर्चही धरावा, कारण यांपैकी एकही कार्ड अ‍ॅनालॉग सिग्नल देत नाही.