रक्षाविसर्जनासाठी छोटी होडी की मोठी लाँच?

छोट्या होडीची कड पाण्यापासून हातभरच उंच, त्यामुळे कलश पाण्याला टेकवून सावकाश रिकामा करता येतो. पण सगळे एकाच बाजूला वाकले तर होडी कलते. एकेकानेच पुढे व्हावं.

मोठ्या लाँचवर वयस्कर माणसं निर्धास्त बसतात. मात्र उंच कठड्यावरून सोडलेली बारीक राख वाऱ्याने उलटून तोंडावर येते, आणि त्या क्षणी ते फार जिव्हारी लागतं. म्हणून रक्षा सुती पिशवीत घालून दोरीने खाली सोडा. तळाला बांधलेली दुसरी दोरी ओढली की पिशवी पाण्यातच उलटते.

दोन्हींत वारा पाठीवर घ्या, इंजिन न्यूट्रलला ठेवायला सांगा. समुद्र शांत आणि माणसं मोजकी असतील तर छोटी होडीच बरी.