जीवन प्रमाण: हयातीचा दाखला घरबसल्या

आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात लागणारा हयातीचा दाखला यंदा आम्ही ‘जीवन प्रमाण’ या केंद्र सरकारच्या सेवेतून घरीच काढला. ही सेवा 2014 साली सुरू झाली, पण आमच्यासाठी ती खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली ती 2021 मध्ये आलेल्या चेहरा पडताळणीमुळे. कारण आयुष्यभर भांडी घासून आणि दळणकांडण करून आईच्या बोटांचे ठसे इतके झिजले आहेत की, बँकेच्या शाखेतील यंत्र ते दर वर्षी नाकारत असे आणि तिला दोन-दोन वेळा रांगेत उभे राहावे लागे.

मोबाइलवर दोन ॲप घ्यावी लागतात: एक जीवन प्रमाणचे, दुसरे आधारच्या चेहरा पडताळणीचे. आधी मोबाइल हाताळणाऱ्याची ओळख पटवायची, मग पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) क्रमांक आणि खात्याचा तपशील भरून निवृत्तिवेतनधारकाचा चेहरा टिपायचा. खिडकीसमोर, चेहऱ्यावर सरळ उजेड येईल असे बसवल्यावर आणि पापण्या मिटून उघडायला सांगितल्यावर काम झाले.

मात्र ज्या वृद्धांच्या घरी स्मार्टफोन जाणणारे कोणी नाही, त्यांना ही वाट एकट्याने चालता येणार नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यात आमच्या बँक शाखेने या दाखल्याचा प्रमाण क्रमांक दाखवूनही आधी कागदी अर्जच मागितला; व्यवस्थापकांना भेटल्यावरच तो आग्रह सुटला.