७ए१३ घ्यावा की ७ए२२?

टेक्ट्रॉनिक्सच्या ७००० मालिकेचा स्कोप (व्होल्टेज पडद्यावर रेघेनं दाखवणारा ऑसिलोस्कोप) दुरुस्त होऊन टेबलावर आला, एक कप्पा रिकामा आहे आणि पैसे एकाच प्लग-इनपुरते, म्हणजे त्या कप्प्यात सरकवायच्या अ‍ॅम्प्लिफायरपुरते आहेत. ७ए१३ आणि ७ए२२ हे असेच दोन प्लग-इन, दोन इनपुटमधला फरक दाखवणारे. फोंड्यात बसून मी भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. माझं मत ७ए१३ला.

५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) तापल्यावर ३ मिलिव्होल्टनं सरकतो का, हे बघायचंय असं धरा. साध्या प्लग-इनवर इनपुट डीसीवर (सगळं व्होल्टेज जसंच्या तसं) ठेवून १ मिलिव्होल्टचा रेंज लावला की रेघ पडद्याबाहेर जाते. एसीवर टाकली की हळूहळू सरकणंच कपॅसिटर गिळतो, म्हणजे जे शोधायचं तेच नाहीसं. ७ए१३ स्वतःच ० ते ±१० व्होल्टमधलं नेमकं व्होल्टेज तयार करतो आणि सिग्नलमधून वजा करतो. ५ व्होल्ट वजा झाले, उरलं ते मिलिव्होल्टमध्ये समोर. जणू मधल्या रेघेच्या वर-खाली दहा-दहा हजार डिव्हिजनचा (चौकटींचा) पडदा! बँडविड्थ (किती वेगवान सिग्नल दिसतो ती मर्यादा) सुमारे १०० मेगाहर्ट्झ, त्यामुळे स्विचिंग सप्लायचे काटेही दिसतात.

७ए२२ची जात वेगळी. बँडविड्थ फक्त १ मेगाहर्ट्झ, पण १० मायक्रोव्होल्ट प्रति डिव्हिजनपर्यंत उतरतो. दोन्ही इनपुटवर सारखी असलेली घरघर तो एक लाखाला एक इतकी दाबतो, ७ए१३ वीस हजाराला एक. वरचे-खालचे फिल्टरही पुढच्याच बटणांवर. माइकच्या पहिल्या स्टेजमधला हम किंवा टेपच्या हेडचा सिग्नल हेच रोजचं काम असेल तर बिनदिक्कत हाच घ्या. ऑफसेट (व्होल्टेज वजा करायची सोय) यातही आहे, पण त्यावरून व्होल्टेज वाचता येत नाही.

दोन्हींना एकच गोष्ट मारते: न जुळलेले प्रोब. दोन १०एक्स (सिग्नल दहापट कमी करून आणणाऱ्या) प्रोबमध्ये एक टक्का फरक पडला तरी वीस हजारांचा आकडा शंभराच्या आसपास येतो. प्लग-इनपेक्षा आधी जोडी जुळवा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात रेंज बदलणाऱ्या कॅम स्विचचे सोनेरी संपर्क मळतात. त्यावर स्प्रे मारू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी संपर्कांतून अलगद ओढा.

घेताना दोन्ही इनपुटना एकच सिग्नल द्या आणि प्रत्येक रेंज फिरवा. रेघ सपाट राहिली पाहिजे. एखाद्याच रेंजवर हलली, तर त्या रेंजच्या अटेन्युएटरची (सिग्नल कमी करणाऱ्या भागाची) जुळणी बिघडलीय.