सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च, बर्मिंगहॅम (अलाबामा): बघायचं असेल तर निवांत बघा

चर्चला ५ पैकी ५. आम्ही ज्या टूर कंपनीच्या बसने गेलो तिला फार तर २, कारण एवढ्या जागेला त्यांनी मोजून चाळीस मिनिटं दिली आणि त्यातली निम्मी ग्रुप फोटोत गेली.

१५ सप्टेंबर १९६३, रविवार, सकाळी १०:२२. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेतल्या लोकांनी या काळ्यांच्या चर्चच्या पायऱ्यांखाली ठेवलेला डायनामाइट फुटला आणि तळघरात आवरत असलेल्या चार काळ्या मुली गेल्या, तिघी १४ वर्षांच्या, एक ११ची. एवढं मला माहीत होतं, पण त्या दिवशी संडे स्कूलचा धडा 'क्षमा करणारं प्रेम' हा होता हे कळल्यावर मी खालीच बसलो, पुढचं काही ऐकू येईना. पहिल्या आरोपीला शिक्षा झाली १९७७ला, शेवटच्याला २००२ला. म्हणजे जवळपास ३९ वर्षं त्या मुलींच्या घरच्यांनी वाट बघितली!

आमच्या बसचा गाईड सारखं म्हणत होता की हे काही माथेफिरूंचं काम. हे मला अजिबात पटलं नाही. माथेफिरू होतेच, पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी (एक रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू, बाकी ख्रिस्ती) पत्रक काढून काळ्यांचं समान हक्कांसाठीचं आंदोलन अवेळी आहे, शहाणपणाचं नाही असं म्हटलं होतं, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून जे प्रसिद्ध पत्र लिहिलं ते यांनाच उत्तर होतं. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन (दक्षिणेतल्या गोऱ्या बॅप्टिस्टांनी काढलेली चर्चची संघटना) तर १८४५ला उत्तरेतल्या बॅप्टिस्टांपासून वेगळं झालं तेच गुलाम ठेवणाऱ्यांना मिशनरी होता यावं म्हणून, आणि माफी मागितली १९९५ला. बॉम्ब ठेवणारे मोजके होते हो, पण रविवारी गोरे आणि काळे अशा वेगवेगळ्या चर्चमध्ये बसून एकाच देवाची गाणी म्हणणारं अख्खं शहर होतं, आणि ते सांगितलं नाही तर टूर अर्धवटच.

आता चर्चमधली ती रंगीत काचेची खिडकी. वेल्समधले काचचित्रकार जॉन पेट्स यांनी बातमी ऐकून खिडकी करून द्यायचं ठरवलं, तिथल्या पेपरने वर्गणी काढली, आणि कुणाकडूनही अर्ध्या क्राउनपेक्षा (तेव्हाचं एक छोटं ब्रिटिश नाणं) जास्त घ्यायचं नाही असा नियम केला, म्हणजे कुणा एका श्रीमंताची देणगी होऊ नये, सगळ्या लोकांची व्हावी. त्यात काळा येशू आहे, हात पसरलेला, एक हात अन्यायाला अडवतोय आणि दुसरा क्षमा देतोय. खाली मत्तय २५:४०मधले शब्द, अर्थ असा की तुम्ही हे मलाच करता. स्फोटात जुन्या खिडकीतल्या येशूचा नेमका चेहराच उडाला होता, ते डोक्यात ठेवून ही बघा.

समोरच केली इन्ग्रॅम पार्क आहे आणि सिव्हिल राइट्स इन्स्टिट्यूट (नागरी हक्क चळवळीचं संग्रहालय) ही, तेही सोडू नका. चर्चमध्ये आजही उपासना चालते, त्यामुळे टूरची वेळ आधी विचारून जा. मी खिडकीखालचे शब्द दुसऱ्यांदा वाचत होतो तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. पुढच्या वेळी स्वतःच्या गाडीने जाणार, अर्धा दिवस काढून.