मिसिसागातलं मेडिकल कॅनाबिस क्लिनिक : नर्सला पाच स्टार, बाकीच्यांना तीन

क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे थोडी चिडचिड पण आहे आणि कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. इथल्या (कॅनडात, टोरोंटोजवळच्या) मराठी ग्रुपमध्ये दोघातिघांनी गुपचूप विचारलं की औषध म्हणून कॅनाबिस, म्हणजे गांजा, कसं मिळतं आणि कामावर त्याचं काय होतं, म्हणून एकदाच सगळं टाकतो.

माझी गोष्ट थोडक्यात, दोन वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्याचं (एल-फोर एल-फाईव्ह) ऑपरेशन झालं, डिस्कचा प्रश्न सुटला पण डाव्या पायातली नस काही शांत होईना, रात्री दोनला पायात करंट लागल्यासारखं व्हायचं आणि मी हॉलमध्ये येरझारा घालत बसायचो. प्रीगॅबालिन (नसेच्या दुखण्यावरची गोळी) चालू होतं, त्याने दिवसभर डोकं जड आणि पाय तरीही दुखतोच. शेवटी फॅमिली डॉक्टरनेच कॅनाबिसचा विषय काढला आणि रेफरल दिलं. कॅनडात हे मेडिकल म्हणून 2001 पासून चालतं, दुकानात मात्र 2018 च्या ऑक्टोबरपासून. त्यामुळे लोकांना वाटतं कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं काय आणि डॉक्टरकडून घेतलं काय, एकच. मला पण तसंच वाटायचं.

आईला साताऱ्याला फोनवर सांगितलं तर पलीकडून दोन मिनिटं आवाजच नाही, मग म्हणाली, "अरे, आपल्या गावात देवळामागे चिलीम ओढत बसायचे त्यांच्यासारखं का आता?" म्हटलं आई, तेल आहे गं, बाटलीतलं, खोकल्याच्या औषधासारखं मोजून घ्यायचं. तिला काही पटलं नाही. अजूनही फोन ठेवताना "ते तुझं तेल जरा जपून" एवढं म्हणतेच.

आता क्लिनिक. पहिली अपॉइंटमेंट व्हिडिओवर, सरकारी हेल्थ कार्डवर झाली, पैसे नाही लागले. डॉक्टर बरे होते पण सात-आठ मिनिटांत आटोपलं. ते प्रिस्क्रिप्शन देत नाहीत, त्याला मेडिकल डॉक्युमेंट म्हणतात, जास्तीत जास्त एक वर्ष चालतं आणि त्यावर दिवसाला किती ग्रॅम ते लिहितात. तुम्ही तेल घेणार असाल तरी ग्रॅमच! मग ते कागद घेऊन एखाद्या लायसन्सवाल्या कंपनीकडे नाव नोंदवायचं आणि माल पोस्टाने घरी येतो.

चिडचिड झाली ती इथे. डॉक्टरने व्हिडिओ बंद केला नाही तोच "कोऑर्डिनेटर" नावाचा एक पोरगा लाईनवर आला आणि एकाच कंपनीचं नाव रेटायला लागला, पहिल्या ऑर्डरवर डिस्काउंट, कॅनाबिसवाल्या गमी (चघळायच्या गोळ्या) घ्या, चॉकलेट घ्या, जणू बिग बझारची बुधवारची सेल. मी म्हटलं मला दुसरी कंपनी हवी तर? "हो चालतं, पण..." असं पंधरा मिनिटं. चालतंच, हे लक्षात ठेवा, कुठली कंपनी घ्यायची ते पेशंटने ठरवायचं असतं.

पण तिसऱ्या दिवशी नर्सचा फोन आला आणि खरं काम तिथे सुरू झालं. पाऊण तास. आधी सगळ्या गोळ्या विचारल्या, रक्त पातळ करायचं काही घेता का ते दोनदा विचारलं, कारण सीबीडीमुळे (गांजातला नशा न चढवणारा भाग) वॉरफरिनसारख्या औषधाचा असर वाढू शकतो म्हणाली. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया वगैरे होता का ते पण. मग दोन बाटल्या ठरल्या, दिवसा सीबीडी जास्त आणि टीएचसी (नशा चढवणारा भाग) नावापुरतं, रात्री दोन्ही सारखं, एका मिलीत दहा-दहा मिलिग्रॅम. रात्रीचं फक्त पाव मिली, सुई नसलेल्या सिरिंजने. चार रात्री तेवढंच, मग फोन. आणि सांगितलं की दुखणं गायब नाही होणार, झोप मिळाली तर आपण जिंकलो. हे मला आवडलं, कुणी चमत्कार विकत नव्हतं.

तेलाची चव म्हणाल तर पावसात भिजलेल्या गवताची काडी चावल्यासारखी, वर खोबरेल. झाकण दाबून फिरवायचं असतं, पोरांच्या हातून उघडू नये म्हणून, माझ्याकडून पण आठवडाभर उघडत नव्हतं, बायको उघडून द्यायची.

आता माझा शहाणपणा ऐका. दुसऱ्याच रात्री पाव मिली घेतलं, तासाभरात काहीच नाही, म्हटलं हे काय पाणी आहे, अजून अर्धा मिली मारलं. नर्सने बजावलेलं की पोटातून गेलं की दोन तास पण लागतात आणि पूर्ण चढायला चार तास. साडेअकराला फ्रीजचा आवाज मला रेल्वे फाटकासारखा ऐकू यायला लागला, छातीत धडधड, जीभ कोरडी, बायको बाजूला बसून हसतेय पण आणि घाबरलीय पण. सकाळी सातला उठलो तर डोकं अजून ढगात, कामावर सिक कॉल केला. नर्सला सांगितलं तर ओरडली नाही, वहीत लिहा म्हणाली, किती वाजता, किती मिली, किती झोप. ती वही आजही चालू आहे.

आता कामाचं, कारण जास्त प्रश्न त्याबद्दलच आहेत. मी ब्रॅम्प्टनला वेअरहाऊसमध्ये इन्व्हेंटरीला आहे, अधूनमधून फोर्कलिफ्ट चालवावी लागायची. डॉक्टरचं कागद आहे म्हणून कामावर नशेत चालतं असं अजिबात नाही. पण ऑन्टारिओच्या मानवाधिकार कायद्यात आजारपणामुळे कामात जमेल तेवढी सोय करून देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि आजाराचं नाव सांगायची सहसा गरज नसते, काय जमतं काय जमत नाही तेवढं सांगायचं. क्लिनिकने पहिलं पत्र दिलं त्यात एकच ओळ, "पेशंट कॅनाबिस वापरतो". एचआरची बाई ते वाचून माझ्याकडे बघायला लागली. अहो, या ओळीचं ती करणार काय? परत क्लिनिकला, परत फॉर्म, त्याचे पैसे वेगळे (हे हेल्थ कार्डवर नाही), दहा दिवस गेले. दुसऱ्या पत्रात नीट लिहिलं, टीएचसी फक्त रात्री, सकाळी सुस्ती असेल तर मशीन नाही, तीन महिने फोर्कलिफ्ट बंद. मॅनेजर पंजाबी आहे, म्हणाला कोई ना, तू काउंटिंग कर. पगार तोच.

एका मित्राने विचारलं, मी पण घेऊ का, तो ट्रक घेऊन अमेरिकेत डेट्रॉईटला जातो. त्याला सरळ सांगितलं, नको. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या टेस्टमध्ये डॉक्टरचं कागद चालतच नाही, आणि लघवीच्या टेस्टमध्ये टीएचसीचे अंश कित्येक दिवस दिसतात, तू शुद्धीत आहेस की नाही ते ती टेस्ट सांगत नाही. सीबीडीच्या बाटलीत पण थोडं टीएचसी असू शकतं, तेवढ्यावर नोकरी जाईल.

खर्च. प्रिस्क्रिप्शनच्या इतर औषधांवर एचएसटी (इथला विक्रीकर) नाही पण यावर पूर्ण 13 टक्के लागतो, वर आमच्या कामाचा इन्शुरन्स एक डॉलर देत नाही. रिसीट मात्र जपा, मेडिकल डॉक्युमेंटवर घेतलेलं टॅक्समध्ये मेडिकल खर्च म्हणून दाखवता येतं, दुकानातून घेतलेलं नाही.

आठ महिने झाले. पाय दुखतोच, पण रात्री पाच तास सलग झोपतो, प्रीगॅबालिन डॉक्टरने हळूहळू अर्धं केलं. डिसेंबरमध्ये साताऱ्याला गेलो तेव्हा बाटल्या इथेच ठेवल्या, कागद असलं तरी कॅनडाच्या बाहेर नेणं गुन्हा आहे आणि आपल्याकडे उतरल्यावर काय होईल ते वेगळं. तीन आठवडे वाईट गेले. आई रात्री उठून पायाला तिळाचं तेल चोळायची आणि म्हणायची, "हे घे की, हे पण तेलच आहे."

पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. तोच कोऑर्डिनेटर आत्ताच तीन ईमेल पाठवून बसलाय, नर्सची तारीख मात्र सहा आठवड्यांनंतरची मिळालीय.