प्रशालेत लेकरू घालावं का? सहा वर्षांचा अनुभव

मे महिना लागला की ब्लाऊज टाकायला आलेली बाई मापं देता देता विचारतेच, "ताई, तुमची लेकरं जिल्हा परिषदेच्या प्रशालेत आहेत ना? कशी आहे हो शाळा?" दरवेळी तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाच लिहून टाकते. थोरली पाचवीपासून तिथं शिकली, मार्च २०२५ मध्ये दहावी झाली. धाकटा आता आठवीत आहे.

पुण्याकडच्या माझ्या जावेला प्रशाला म्हणजे काय तेच कळत नाही. प्रशाला म्हणजे जिल्हा परिषदेचं हायस्कूल. तिकडं हायस्कूल म्हटलं की बहुतेक खासगी संस्थेचंच. आमच्या मराठवाड्यात निजामाच्या राज्यातली सरकारी हायस्कुलं पुढं जिल्हा परिषदेकडं आली, म्हणून आमच्याकडं या प्रशाला जास्त. आमच्या शाळेची जुनी इमारत दगडी आहे, उन्हाळ्यात गार. नव्या खोल्यांवर पत्रे आहेत. लेकराचा वर्ग कुठल्या बाजूला पडतो ते नशिबावर.

आधी चांगलं सांगते. गणिताचे सर. थोरली सातवीपर्यंत गणितात कशीबशी पास होणारी पोरगी. आठवीपासून सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, सुरू झालं आणि 'काटकोन त्रिकोण'चा 'राइट अँगल ट्रँगल' झाला, तेव्हा ती घरी येऊन रडली होती. सरांनी काय केलं, तर फळ्याच्या मधोमध रेघ ओढून एकीकडं मराठी आणि एकीकडं इंग्रजी शब्द लिहायला लावले. दोन महिने रोज. तिच्या वहीची मागची पानं अजून माझ्याकडं आहेत, आता धाकटा वापरतोय. याच सरांनी आठवीच्या पोरांना एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी सकाळी नऊला बोलवायला सुरुवात केली. शाळा दहाची. तासाला एक रुपया घेतला नाही. पोरगी पास झाली, नववीपासून वर्षाला १२,००० रुपये मिळतात, बारावीपर्यंत. पैसे वेळेवर येत नाहीत, बँकेत खेटे घालावे लागतात, पण येतात. दहावीला ६० टक्क्यांच्या खाली आली असती तर पुढचे बंद झाले असते. तिला ७८.४० पडले.

हायवेवरच्या इंग्रजी शाळेत ही परीक्षा देताच येत नाही. ती सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या लेकरांसाठीच आहे. फी भरणाऱ्या कितीतरी आयांना हे ठाऊक नसतं.

आता दुसरी बाजू. पोषण आहार आठवीपर्यंतच. थोरली नववीत गेली त्या पहिल्या दिवशी सवयीनं ताट घेऊन रांगेत उभी राहिली. पुढं गेल्यावर वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, तुझं नाव आता या यादीत नाही." ती ताट तसंच दप्तरात घालून वर्गात गेली. त्याच व्हरांड्यात, त्याच खिचडीचा वास, आणि चौदा वर्षांच्या पोरीला म्हणायचं की आता तुला भूक लागत नाही. यात शाळेचा दोष नाही, नियमच तसा आहे, पण मला अजून राग येतो. मावशींनी दुसऱ्या दिवशी तिला गुपचूप वाढलं, हेही लिहिते.

मुलींच्या संडासात पाणी नसतं. टाकी आहे, मोटार आहे, मोटार जळाली की महिना महिना तशीच. आसपासच्या खेड्यांतून मानव विकास या सरकारी योजनेच्या निळ्या बसनं पोरी येतात. सकाळी नऊला निघालेली पोर सहाला घरी पोचते. थोरलीची मैत्रीण शाळेत पाणीच प्यायची नाही. का, ते बायांना सांगायला नको. हा विषय मी शाळा व्यवस्थापन समितीत काढला. कायद्यानं समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बाया असतात, त्यात मी एक. प्रत्यक्षात रजिस्टर सहीसाठी माझ्या दुकानात येतं. दोनदा सही नाकारली तेव्हा कुठं बैठक झाली आणि मोटार दुरुस्त झाली. यंदा पुन्हा बंद आहे.

थोरली नववीत असताना इंग्रजीची जागा वर्षभर रिकामी होती. विज्ञानाच्या मॅडम इंग्रजी शिकवायच्या, मग विज्ञानाचे प्रयोग राहिले. प्रयोगाचं कपाट छान आहे, काचेचं, किल्ली मात्र कुणाकडं असते ते पोरांना माहीत नसायचं. तरी दहावीला शाळेकडच्या वीस मार्कांत अठरा-एकोणीस सगळ्यांनाच. मला ते आवडलं नाही. घेतले मात्र.

गणवेशाबद्दल बोलल्याशिवाय माझ्यातली शिंपीण गप्प बसणार नाही. २०२४ ला राज्यभर एकच गणवेश काढला, कापलेलं कापड बचत गटांकडं शिवायला आलं. पोराला मिळाला तेव्हा अर्धं वर्ष सरत आलं होतं आणि बाही कोपराच्या खाली. मी सबंध शर्ट उसवून पुन्हा शिवला. शेजारच्या चार लेकरांचेही नीट करून दिले, फुकट. पुढं ते काम परत शाळेकडं आलं हे बरं झालं, निदान मापं तरी घेतात.

धाकट्याला विचारलं, शाळेबद्दल काय लिहू? म्हणाला, "सर भारी, नळ बेकार." आमच्या ह्यांचं म्हणणं, फुकटात याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे. हे मला पटत नाही. फुकट कसलं, जागा भरलेली असावी आणि संडासात पाणी असावं एवढं तर हक्काचं आहे.

म्हणून मी बायांना सांगते, निकालाचा बोर्ड बघू नका. यंदा गणिताला कोण, इंग्रजीला कोण, कुणाची बदली निघाली आहे का, ते विचारा. दुपारच्या सुट्टीनंतर जा आणि मुलींच्या संडासाचा नळ स्वतः फिरवून बघा. आमच्या सरांचं नाव यंदा बदलीच्या यादीत आहे असं ऐकते. तसं झालं तर पुढच्या मे महिन्यात माझं उत्तर वेगळं असेल.

धाकटा जूनमध्ये नववीत जाईल. दोन खणांचा जेवणाचा डबा घेऊन ठेवलाय.